कांद्याच्या सालीचे ईस्टर

सण साजरा करावयाचा म्हणजे काहीतरी विकत आणावयाचे, ही समजूत आता इतकी रूढ झाली आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. मुहूर्तावर खरेदी, खरेदीवर सवलत, सवलतीच्या मोहाने कर्ज आणि ते फिटते न फिटते तोच पुढचा सण, असे हे रहाटगाडगे आहे. उत्सव अग्रिमाचे हप्ते पगारातून कापून देणाऱ्या नोकरदाराला त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. ही अवस्था केवळ दिवाळीची किंवा गणेशोत्सवाची झाली आहे असेही नाही. ख्रिस्ती धर्मातील सर्वांत मोठा सण ईस्टर. त्याचीही पाश्चात्त्य देशांत हीच गत झाली आहे. किंबहुना तेथे ती आधी झाली. म्हणूनच आज तेथील अनेक कुटुंबे, शाळा आणि चर्चमंडळे या सणाचे जुने, साधे रूप पुन्हा शोधू लागली आहेत. या शोधात इतरांनीही लक्ष घालावे असे पुष्कळ आहे.

नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा मुख्य सण, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. नाताळची रोषणाई डोळ्यांत भरते म्हणून असे होत असावे. धर्मतत्त्वाच्या दृष्टीने मात्र ईस्टरचे स्थान वरचे आहे. क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, या श्रद्धेवर ख्रिस्ती धर्माची उभारणी झाली आहे आणि ईस्टर हा त्या पुनरुत्थानाचा दिवस आहे. या सणाभोवती जे आचार शतकानुशतके वाढत गेले ते बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. यातील जवळजवळ प्रत्येक आचार काटकसरीतून आणि ऋतुमानातून जन्मलेला आहे. घरात जे आहे, अंगणात जे उगवते आणि उपवासामुळे जे शिल्लक राहिले आहे, त्यातूनच या सणाने आपला आनंद निर्माण केला.

चंद्राच्या हिशेबाने

प्रथम तिथीचेच पाहावे. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला; ईस्टर मात्र दरवर्षी हलतो. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व ख्रिस्ती लोकांनी हा सण एकाच दिवशी पाळावा असे ठरविले आणि पुढे त्याचा नियम स्थिरावला. वसंतसंपातानंतर, म्हणजे रूढ गणनेप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर, जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार हा ईस्टरचा रविवार. त्यामुळे पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान केव्हाही येतो. पौर्वात्य चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाचा हिशेब धरतात, म्हणून त्यांचा दिवस बहुधा वेगळा पडतो; परंतु २०२५ साली दोन्हींचा ईस्टर २० एप्रिल या एकाच दिवशी आला.

पंचांग पाहणाऱ्या मराठी घराला हा हिशेब परका वाटू नये. २०२४ साली होळीनंतर सात दिवसांनी ईस्टर आला आणि २०२५ साली हनुमान जयंतीनंतर आठ दिवसांनी. फाल्गुनाची किंवा चैत्राची पौर्णिमा पाठीशी घेऊनच हा सण येतो. थंड प्रदेशांत तेव्हा बर्फ वितळून पहिले अंकुर फुटतात. आपल्याकडे आंब्याच्या कैऱ्या धरलेल्या असतात आणि पळस फुलून गेलेला असतो. सणाची तिथी निसर्गाकडून घ्यावयाची आणि निसर्गाला मात्र सणाच्या दिवशी कचऱ्याखाली गाडावयाचे, ही विसंगती कोणत्याही धर्माला शोभणारी नाही.

कोंबडीला उपवास ठाऊक नसतो

ईस्टरचे रंगीत अंडे जगप्रसिद्ध आहे. अंडे हे नवजीवनाचे प्रतीक, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते खोटे नाही. थडग्यासारख्या बंद कवचातून जिवंत पिलू बाहेर पडते, ही उपमा सहज सुचणारी आहे. परंतु प्रतीकाच्या मुळाशी स्वयंपाकघरातील एक व्यावहारिक अडचण होती.

ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. मधले रविवार वगळले की दिवस बरोबर चाळीस भरतात. मध्ययुगीन युरोपात या काळात मांस तर वर्ज्य होतेच. दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य होती. माणसांनी असा नेम धरला तरी कोंबड्यांना त्याची वार्ता नसे. उलट वसंतात दिवस मोठा होऊ लागला की त्या अधिक अंडी घालू लागतात. घरात अंड्यांचा साठा वाढत जाई. ती फेकून देणे गरीब शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. म्हणून ती उकडून ठेवीत आणि उपवास सुटला की वाटून टाकीत. वाटावयाची म्हणून रंगवीत. जे फुकट गेले असते त्यातूनच उत्सवाची मुख्य वस्तू तयार झाली, असा हा सारा प्रकार आहे.

रंगही घरचाच असे. कांद्याच्या वरच्या कोरड्या साली पाण्यात टाकून उकळल्या की पाण्याला गडद तांबूस रंग येतो. त्यात चमचाभर व्हिनेगर घालून अंडी उकडली की ती पिवळसर नारिंगीपासून विटकरीपर्यंत रंग धरतात. पूर्व आणि मध्य युरोपात उकडण्यापूर्वी अंड्यावर एखादे नाजूक पान ठेवून वरून फडके घट्ट बांधतात. अंडे रंगते आणि पानाची आकृती तेवढी फिकट राहते. हळदीने पिवळा रंग येतो, बीटाने गुलाबी आणि तांबड्या कोबीने निळा. याच कांद्याच्या सालीने पूर्वी सूतही रंगवीत. लासलगावच्या बाजारात कांद्याचे ढीग पाहिलेल्या वाचकाला या रंगसाहित्याची किंमत सांगण्याची गरज नाही. उकडलेले अंडे शेवटी खाल्ले जाते, टरफल झाडाच्या मुळाशी जाते आणि साल खतात जाते. मागे काही उरत नाही.

या साध्या साहित्यातून केवढी कला फुलू शकते याचे उदाहरण म्हणजे युक्रेनमधील ‘पिसांका’. मधमाश्यांच्या मेणाने अंड्यावर बारीक रेघा काढावयाच्या, ते रंगात बुडवावयाचे, पुन्हा मेण, पुन्हा रंग आणि शेवटी उष्णता देऊन मेण पुसून काढावयाचे, अशी ती रीत आहे. आपल्याकडील बाटिक ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व होय. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. देश युद्धाच्या वणव्यात असताना तेथील लोक अंड्यासारख्या नाजूक वस्तूवरील रेघा जपत आहेत, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. ग्रीसमध्ये अंडी तांबडी रंगवितात आणि जेवणाच्या वेळी एकमेकांच्या अंड्यावर अंडे आपटतात; ज्याचे न फुटता टिकेल त्याचे वर्ष भाग्याचे. इंग्लंडच्या उत्तर भागात मुले उतारावरून उकडलेली अंडी गडगडवीत नेतात. या खेळांना पैसा लागत नाही आणि मुलांच्या हसण्यात काही कमी पडत नाही.

झावळी, राख आणि मेणबत्ती

चर्चमधील विधीही असेच मितव्ययी आहेत. ईस्टरच्या आधीचा रविवार हा झावळ्यांचा रविवार. येशू जेरुसलेम नगरीत आला तेव्हा लोकांनी झाडांच्या डहाळ्या हातात घेऊन त्याचे स्वागत केले, त्याची ही आठवण. भक्त आशीर्वादित झावळ्या घरी नेऊन वर्षभर जपून ठेवतात. पुढील वर्षी त्याच वाळलेल्या झावळ्या जाळून राख केली जाते आणि राखेच्या बुधवारी ती कपाळाला लावली जाते. एका वर्षीच्या जयघोषाची पुढच्या वर्षी पश्चात्तापाची खूण व्हावी, यात मोठा अर्थ भरलेला आहे. शिवाय वस्तूचा पूर्ण उपयोग झाल्याखेरीज ती टाकू नये, हा व्यवहारही त्यात आहे.

झावळ्या म्हणजे खजुराच्याच हव्यात, असाही हट्ट जुन्या लोकांनी धरला नाही. पोलंड आणि रशियात खजूर होत नाही, म्हणून तेथे वाळुंजाच्या कोवळ्या काड्या घेतात. इंग्लंडमध्ये जे सदाहरित झाड हाताशी असेल त्याची डहाळी चालत आली. केरळात, गोव्यात आणि वसईत नारळाच्या कोवळ्या झावळ्या हातात असतात. जे आपल्या मातीत उगवते तेच देवाला चालते, असा हा शहाणपणा होता.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत चर्चमधील दिवे मालविलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर एक मोठी मेणबत्ती उजळतात. ती परंपरेने मधमाश्यांच्या मेणाची असते आणि त्या रात्री गायिल्या जाणाऱ्या प्राचीन स्तोत्रात मधमाश्यांच्या श्रमांचाही उल्लेख आहे. त्या एका ज्योतीवरून प्रत्येक जण आपल्या हातातील लहान मेणबत्ती लावून घेतो आणि पाहता पाहता सारी वास्तू उजळते. पुढे तीच मोठी मेणबत्ती वर्षभर बाप्तिस्म्याच्या आणि अंत्यविधीच्या वेळी लावली जाते. विजेच्या माळांनी डोळे दिपून जातात. परंतु अंधारात हातोहात पसरत गेलेला हा उजेड ज्याने पाहिला आहे, तो त्याला रोषणाईपेक्षा कमी लेखणार नाही.

सोन्याचे अंडे, चॉकलेटचे अंडे

साधेपणाच्या शेजारीच डामडौलही नेहमी उभा असतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ईस्टरसाठी ४५० अंडी आणल्याची नोंद आहे. ती रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून वाटावयाची होती. खर्च अठरा पेन्सांचा. पुढे १८८५ साली रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याने आपल्या राणीसाठी फाबर्जे या जवाहिऱ्याकडून एक अंडे घडवून घेतले. वरून पांढरा मुलामा, आत सोन्याचे बलक आणि बलकात सोन्याची कोंबडी. या राजघराण्यासाठी अशी पन्नास अंडी घडविली गेली. शेवटची १९१६ साली भेट दिली गेली आणि १९१७ साली सिंहासनच उलथले. त्या देशाच्या खेड्यांतून त्याच काळात शेतकरी कांद्याच्या सालीत अंडी उकडीत होता. ती रीत आजही चालू आहे. सोन्याची अंडी संग्रहालयांत आणि धनिकांच्या तिजोऱ्यांत आहेत.

सामान्य माणसाच्या ईस्टरचे रूप मात्र झारमुळे बदलले नाही. ते कारखान्यामुळे बदलले. १८७३ साली ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीने ब्रिटनमधील पहिले पोकळ चॉकलेटचे अंडे तयार केले. १८७५ साली कॅडबरीने त्याचे अनुकरण केले. फ्राय आणि कॅडबरी ही दोन्ही घराणी क्वेकर पंथाची होती. या पंथाचा सणवार मानण्यालाच मुळात विरोध होता, कारण त्यांच्या मते सर्वच दिवस सारखे पवित्र. दारूला पर्याय म्हणून कोको लोकप्रिय करावा, असा त्यांच्यापैकी अनेकांचा हेतू होता. सण न मानणाऱ्या सज्जनांनी जगातील एका मोठ्या सणाच्या बाजाराचा पाया घालावा, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. आज चॉकलेटच्या अंड्याला चकचकीत वर्ख, वर्खावर प्लॅस्टिकचा साचा, साच्याभोवती पुठ्ठ्याची पेटी असा सरंजाम असतो. अंड्यापेक्षा वेष्टन मोठे आणि उपवासकाळ संपण्याच्या कितीतरी आधीपासून दुकाने भरलेली. जे चाळीस दिवस वासनेला लगाम घालण्यासाठी होते, तेच विक्रीचा हंगाम बनले आहेत.

चॉकलेटची खरी किंमत मात्र पेटीवर छापलेली नसते. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. कोकोच्या लागवडीपायी आयव्हरी कोस्टचे बहुतेक जंगल गेल्या काही दशकांत नाहीसे झाले. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका संशोधनसंस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे या दोन देशांच्या कोको क्षेत्रांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालकामगार म्हणून राबत होती. धारदार कोयते चालविणे, जड ओझी वाहणे, फवारणीच्या औषधांशी संबंध येणे, अशी ही कामे आहेत. मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांचे उच्चाटन २००५ पर्यंत करण्याचे आश्वासन २००१ साली दिले होते. एका मुलाच्या हातातील सणाची भेट दुसऱ्या मुलाच्या हातातील कोयत्यातून येत असेल, तर त्या सणाला पुनरुत्थानाचा सण म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो, असा प्रश्न तेथील विचारी ख्रिस्ती माणसांना पडला आहे.

निसर्गानेही आपले बिल पाठविले आहे. अवेळी पाऊस, रोगराई आणि म्हाताऱ्या झालेल्या बागा यांमुळे पीक घटले आणि मार्च २०२४ च्या अखेरीस, ईस्टर काही दिवसांवर आले असताना, न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा वायद्याचा भाव टनाला दहा हजार डॉलरांवर गेला. वर्षभरापूर्वी तो तीन हजारांच्या आसपास होता. पुढे भाव उतरला. परंतु या चढाईचा लाभही शेतकऱ्याच्या पदरात फारसा पडला नाही, कारण या दोन्ही देशांत हंगामाच्या आरंभीच सरकार खरेदीदर ठरवून टाकते. कापूस आणि कांदा पिकविणाऱ्या महाराष्ट्राला ही कहाणी नवी नाही.

पोपटाचे घर

रीत जुनी असली म्हणजे ती निरुपद्रवी असतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. कोलंबियात अँडीज पर्वतावर मेणताड नावाचे एक ताडाचे झाड होते. ताडवर्गातील हे सर्वांत उंच झाड; वाढते मात्र अतिशय सावकाश. झावळ्यांच्या रविवारसाठी त्याची कोवळी पाने तोडण्याची तेथे प्रथा होती. वस्ती वाढली, जंगल घटले आणि तोड चालूच राहिली. १९८५ साली त्या देशाने या झाडाला राष्ट्रीय वृक्षाचा मान देऊन कायद्याने संरक्षण दिले. तथापि, श्रद्धेचा विषय केवळ कायद्याने सुटत नाही. पिवळ्या कानांचा एक पोपट याच झाडाच्या पोकळीत घरटे करतो. हा पक्षी नामशेष होण्याच्या बेतात असताना १९९९ साली संशोधकांना त्याचा ८१ पक्ष्यांचा थवा आढळला.

त्यानंतर पक्षिमित्रांनी चर्चलाच बरोबर घेतले. धर्मगुरूंनी लोकांना समजावून सांगितले की, देवाच्या स्वागतासाठी देवाच्याच पाखराचे घर मोडणे हे पुण्यकर्म नव्हे. दुसऱ्या, मुबलक असलेल्या झाडांच्या फांद्या आणि जिवंत रोपे लोक मिरवणुकीत नेऊ लागले. पोपटांची संख्या पुढील काळात हजारावर गेली. मिरवणूक थांबली नाही, भक्ती उणावली नाही. फक्त हातातील पान बदलले.

ऑस्ट्रेलियातील उदाहरणही असेच बोधप्रद आहे. ईस्टरचा ससा ही मूळ जर्मन कल्पना. ऑस्ट्रेलियात मात्र १८५९ साली शिकारीच्या हौसेसाठी सोडलेल्या सशांनी पुढे अवघे खंड पोखरले आणि तेथील मूळ प्राण्यांच्या तोंडचा घास काढून घेतला. तेव्हा ज्या प्राण्याने देशाची नासाडी केली त्याचा गौरव का करावा, असा विचार पुढे आला आणि १९९० च्या दशकापासून बिल्बी या लांब कानांच्या, दुर्मीळ होत चाललेल्या देशी प्राण्याच्या आकाराची मिठाई रूढ होऊ लागली. तिच्या विक्रीतील काही भाग त्या प्राण्याच्या संरक्षणासाठी दिला जातो. परंपरा ही दगडावरची रेघ नसते. ती चालविणारी माणसे विचार करीत राहिली तरच ती जिवंत राहते.

वसईचा धडा

या विषयाचा महाराष्ट्राशी संबंध केवळ तुलनेचा नाही. वसईच्या हिरव्या पट्ट्यात ख्रिस्ती समाज चार शतकांहून अधिक काळ राहत आला आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, सत्ता गेली, तरी हा समाज आपल्या बागा, विहिरी आणि बोली यांना धरून राहिला. मराठी आणि ख्रिस्ती धर्म यांचा संबंध तर त्याहून ठळक आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि मराठी छंदात ख्रिस्ताचे चरित्र ख्रिस्ती वस्त्यांतून वाचले जाऊ लागले. पुनरुत्थानाची कथा मराठीला ही अशी चारशे वर्षांपूर्वीपासून परिचित आहे.

वसईची केळी, फुले, भाजी आणि पानवेली यांवर मुंबईचे कित्येक बाजार पोसले गेले. मुंबई पसरू लागली तशी या पट्ट्यावर इमारतींची आणि पाण्याच्या टँकरांची धाड पडली. बेसुमार उपशाने गोड्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. त्या वेळी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या रूपाने जे आंदोलन उभे राहिले, त्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि पुढे २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हे धर्मगुरू जुलै २०२४ मध्ये निवर्तले. जमीन आणि पाणी यांचे रक्षण हा धर्मकार्याचाच भाग आहे, असे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणविषयक परिपत्रक काढून सृष्टीच्या रक्षणाचे आणि साध्या राहणीचे आवाहन जगाला केले. वसईत त्याआधी कित्येक वर्षे हा लढा लढला गेला होता.

येथे साधेपणाच्या उपदेशाची एक मर्यादाही स्पष्ट होते. घरोघरी अंडी कांद्याच्या सालीने रंगविली आणि गावची विहीर मात्र विकली गेली, तर त्या साधेपणाला फारसा अर्थ उरत नाही. ज्या माडाची झावळी हातात घ्यावयाची तो माडच उद्या उभा राहणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. खाजगी सवयी आणि सार्वजनिक जागरूकता ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत.

साधेपणा म्हणजे कंजुषी नव्हे

यावर एक आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वर्षभर ओढाताण करणाऱ्या माणसाने एक दिवस हात सैल सोडला, मुलांना चॉकलेट आणून दिले, तर त्याला काटकसरीचे पाठ का द्यावेत? सण हा मुळी रोजच्या मोजमापातून सुटण्यासाठीच नसतो काय? हे खरेच आहे. उपवासानंतर भरलेले ताट हवेच. चाळीस दिवसांच्या संयमाला त्या ताटानेच अर्थ येतो. परंतु येथे प्रश्न ताट भरण्याचा नसून ते कशाने भरावे याचा आहे. घरी केलेला पाव, शेजाऱ्याला दिलेली वाटी, गोव्याच्या पद्धतीची काजूच्या पिठाची अंडी, मुलांनी स्वतः रंगविलेले काही आणि त्यांच्याबरोबर घालविलेली एक सकाळ, यांत उदारपणा कमी नाही. त्यात घरच्यांचे श्रम आणि वेळ असतात आणि आजच्या काळात वेळ हीच सर्वांत महाग भेट झाली आहे. चॉकलेट घ्यावयाचेच तर थोडे घ्यावे, उत्पादकाला न्याय्य मोबदला देणाऱ्याकडून घ्यावे आणि वेष्टनाला भुलू नये, एवढे तारतम्य कोणालाही पाळता येईल.

हा विचार ख्रिस्ती वाचकांपुरता राहत नाही. दसऱ्याला आपट्याच्या झाडाची किती ओरबाड होते, गणपतीच्या मखराला कोणते साहित्य लागते, धुळवडीच्या रंगात काय मिसळलेले असते, हे प्रश्न याच जातीचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. परंतु कोलंबियाच्या अनुभवाप्रमाणे येथेही केवळ कायद्याने काम भागलेले नाही. जेथे शिक्षकांनी मुलांकडून पळसाच्या फुलांचा रंग करून घेतला आणि शाडूची मूर्ती घडवून घेतली, तेथे बदल टिकला. शाळेतील एक तास, कांद्याच्या मूठभर साली आणि एक भांडे गरम पाणी एवढ्यावर रसायनशास्त्र, इतिहास आणि परधर्माविषयीचा आदर या तिन्हींचा पाठ देता येईल. त्यासाठी वेगळे अनुदान लागणार नाही.

शुभवर्तमानांत पुनरुत्थानानंतरच्या ज्या भेटी वर्णिल्या आहेत त्या या दृष्टीने विचार करण्यासारख्या आहेत. त्यांत मेजवानी नाही, सिंहासन नाही, नगारेही वाजत नाहीत. एम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांनी आपल्या गुरूला ओळखले ते संध्याकाळी त्याने भाकरी मोडली तेव्हा. पुढे तिबिर्याच्या सरोवराकाठी, रात्रभर जाळे टाकून थकलेल्या कोळ्यांसाठी त्याने निखाऱ्यांवर मासळी भाजून ठेवली होती, शेजारी भाकरी होती आणि तो त्यांना न्याहारीला बोलावीत होता. पहिल्या ईस्टरच्या आनंदाला एवढेच साहित्य लागले. एवढ्यात ज्याचे भागले त्याच्या नावाने साजरा होणाऱ्या सणाला याहून फार अधिक लागू नये.